बंद जिनिंगची किंमत काढताना

मे २०२३ मधली गोष्ट. एका बँकेनं ताब्यात घेतलेल्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, मूल्यांकनाचं काम माझ्याकडे आलं होतं. अमरावतीहून सकाळी सातला निघाले आणि दारव्ह्याच्या अलीकडच्या त्या गावात पोचेपर्यंत पत्रे तापायला लागले होते. हा सगळा शकुंतला रेल्वेचा पट्टा. मूर्तिजापूर-यवतमाळची ही अरुंद लाईन इंग्रज कंपनीनं कापूस वाहून न्यायलाच टाकली होती. आता गाडी बंद आहे.

फाटक चौकीदार काकांनी उघडलं. मालकाकडून आठ वर्षं पगार नाही. फाटकाजवळच्या खोलीत कुटुंबासकट राहतात आणि पाच एकर कोरडवाहू वाहतात.

जमीन आणि बांधकाम तासाभरात मोजून झालं. मग यंत्रं. मागच्या शेडमध्ये नव्या डबल रोलर यंत्रांच्या मागं जुने रेचे (सरकी काढायची यंत्रं) ढिगानं पडले होते. एकावरची धूळ पुसली तर बिडाच्या अंगावर ‘प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम’ अशी अक्षरं. मी तिथंच उकिडवी बसले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ म्हणतात ना, ते सोनं हेच. १८६५ ला युद्ध संपलं आणि भाव आपटले. पण तोवर पऱ्हाटीची, म्हणजे कापूस पेरायची, सवय लागली होती. १८७० ला खामगावपर्यंत रेल्वे आली, मागोमाग जिनिंग-प्रेस आले. ओल्डहॅम त्याच लँकेशायरमधलं गाव. कापूस घेणारे तिकडचे, रेचे विकणारेही तिकडचेच. पुढं त्या गावच्या गिरण्याही बंद पडल्या. माझ्या फॉर्मवर या रेच्यांसाठी एकच रकाना होता: भंगार, वजनानुसार.

काका एकाधिकार योजनेच्या दिवसांबद्दल सांगत होते. १९७२ पासून कापूस सरकारच घ्यायचं, तेव्हा इथं फेडरेशनचं, म्हणजे कापूस पणन महासंघाचं, खरेदी केंद्र होतं. चुकारा म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे. “फाटकापासून मारुतीच्या पारापर्यंत बंड्या लागत, ताई. तीन-तीन रात्री बंडीखाली झोपलो मी. चुकारा कवा भेटन त्याचा नेम नव्हता, पण माप होऊन जाये.” ते बोलताना ताठ उभे राहिले होते. हा माणूस इथला नुसता चौकीदार नाही, हे मला तेव्हा कळलं.

मावशींनी चहाला बोलावलं. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. छतापर्यंत कापूस. नातवाच्या हातापायांवर लाल चट्टे उठले होते, तो सारखा खाजवत होता.

“मागच्या साली याच टायमाले बारा हजार होता,” काका म्हणाले. “म्या तवा दिवाळीतच इकला होता. यंदा म्हटलं थांबू. पंधरा क्विंटल हाय.”

बाजारात त्या आठवड्यात क्विंटलला साडेसात हजारही मिळत नव्हते. हिशेब करायची माझी सवयच. पंधरा क्विंटल म्हणजे रुईच्या, सरकी काढलेल्या कापसाच्या, तीनेक गाठी. बाराच्या भावानं एक लाख ऐंशी हजार. सव्वासातनं एक लाख आठ हजार सातशे पन्नास. अर्ध्याच्या जरा वर. त्यातही साठवणीत वजन घटलेलं, रुई पिवळी पडलेली. हा आकडा मी मोठ्यानं बोलले नाही.

“भाव येईन का, ताई? तुमी बँकेतून आल्या, तुमाले मालूम असन.”

मी बँकेची नव्हते, हे सांगून उपयोग नव्हता. मृग पंधरा दिवसांवर आला होता. पाच एकरांना बियाण्याची दहा पाकिटं लागणार, ४७५ ग्रॅमचं पाकीट ८५३ रुपयांना. खत वेगळं. लोखंडाचा दर मी दोन ठिकाणांहून ताडून घेते, कापसाच्या भावाबद्दल माझ्याकडे काहीच नव्हतं. तरी मी म्हणाले, “काका, इकून टाका. पोराला दवाखान्यात न्या आधी.”

मावशी लगेच म्हणाल्या, “मी तं महिनाभरापासून हेच सांगून राह्यली.”

काका काही बोलले नाहीत. मी निघाले तेव्हा ते कापसात हात कोपरापर्यंत खुपसून आतला ओलावा पाहत होते.