कर्णा कुणाचाही असो

माझा डावा कान जवळजवळ गेलाय. बायकोला काही महत्त्वाचं सांगायचं असलं की ती उजव्या बाजूला येऊन बसते. अठरा वर्षं डॉल्बी चालवली, त्याची ही कमाई. मिक्सरवर उभं राहिलं की बेसची भिंत कायम डाव्या अंगाला. तेव्हा मी साव आहे असं काही सांगायला बसलेलो नाही.

गणपती, उरूस, जयंती, हरिनाम सप्ताह, सगळ्यांची भाडी घेतलीत. गिऱ्हाईक बदलतं, वाक्य तेच : "वाढव की रे जरा!"

सरकारनं धर्माच्या कामात पडावं का, यावर लोक थेट राज्यघटना काढतात. काढू द्या. कलम २५ मध्ये धर्म पाळायची मोकळीक आहे ती सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळूनच. पण निदान आमच्या धंद्यापुरता हा वाद आवाज मोजायच्या मीटरवर सुटतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. आमची भिंत शंभर सहज ओलांडते. आणि हा हिशेब किलोसारखा नसतो. दहा डेसिबल वाढले की ताकद दहापट. ५५ चे १०० झाले म्हणजे दुप्पट नव्हे, तीस हजार पटींच्या वर!

त्या नियमांत कुठल्या देवाचं नाव नाही. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर कर्णा बंद, एवढंच. फक्त सणासमारंभासाठी वर्षातले १५ दिवस सरकार रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं. माझ्या मते सरकारची खरी परीक्षा त्या यादीत असते. कुणाचा सण बसला, कुणाचा राहिला, ते बघा. (यादीतल्या थर्टी फर्स्टचा देव कोणता, हे मला अजून कळलेलं नाही.)

२०२२ च्या पाडव्याला राज ठाकरेंनी मशिदींवरच्या भोंग्यांचा विषय काढला, मग ते उतरवायला ३ मेची मुदत दिली. त्याच दिवसांत आमच्या मशिदीच्या विश्वस्तांनी मला बोलावलं. पोलिसांची नोटीस आली होती. मिनारावरचे चार कर्णे मीच उतरवले. एकात चिमणीचं घरटं होतं, रिकामं. आत कॉलम स्पीकर लावून दिले, आवाज अंगणाबाहेर जात नाही. एक चाचा खाली उभे राहून सगळं बघत होते. म्हणाले, "बेटा, देवळातला पण काढणार का?"

मी वायर गुंडाळत राहिलो.

देवळातला कर्णाही माझाच. वडिलांनी फुकट बसवून दिलेला. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे पाचला काकड आरती त्यावरून गावभर जायची. पाच म्हणजे सहाच्या आधी, हे कळायला वकील लागत नाही. पण देवळाला नोटीस आली नाही. मशिदीच्या विश्वस्तांना जे सांगितलं तेच देवळाच्या पंचांना सांगायला कुणी गेलं नाही, आणि माझा राग आहे तो यावर. बंधन घालायचंय तर घाला, पण मीटर गल्ली बघून चालू-बंद करू नका.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की लाउडस्पीकर हा कोणत्याच धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. बातमी आमच्या ग्रुपवर फिरली, खाली टाळ्या वाजल्या. 'कोणत्याच' हा शब्द कुणी वाचलेला दिसला नाही.

त्या वर्षी कोजागिरीच्या आदल्या दिवशी शिडी लावून देवळाचा कर्णा उतरवला. माझीच वस्तू, मीच नेली. अध्यक्ष आठवडाभर बोलले नाहीत, सप्ताहाचं भाडंही दुसऱ्याला गेलं. आई म्हणाली, "बापानं लावलेला काढलास."

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली. उशीवर कूस बदलून उजवा कान वर केला. टाळ ऐकू येत होते, मधूनच मृदंग. कोण बेसूर गातंय तेही कळलं.