आधी त्या दोघांना विचारा

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाविषयी बोलणे निघाले, की ते शाळा आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र यांच्यापाशीच थांबते. तो आता चोवीस वर्षांचा आहे आणि त्यालाही कोणी आवडू शकते, हे घरच्यांच्या ध्यानात येत नाही. आलेच तर उपाय एकच सुचवला जातो. माझ्या चुलतभावाबद्दल शेजारच्या काकू म्हणाल्या, "लगन करून देऊन टाका, सुदरून जाईन पोट्टा." स्वमग्नता लग्नाने जात नाही, आणि ती लपवून जुळवलेले लग्न दोघांवरही अन्याय करते.

भाऊ कापसाच्या जिनिंगवर वजनकाट्याच्या नोंदी ठेवतो. तालुक्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये त्याची जिच्याशी ओळख झाली, तीही स्वमग्न आहे, पण तिचे निदान कॉलेज संपल्यावर झाले. मुलींच्या बाबतीत असा उशीर बरेचदा होतो, कारण हसावे केव्हा, बोलावे किती हे त्या इतरांचे पाहून शिकतात आणि त्याने आतून थकून जातात. आपल्याकडे तर अबोल मुलगी गुणीच समजली जाते.

एसटी स्टँडवर त्याने तिला सरळ विचारले, "तुझा हात धरू का?" ती म्हणाली, "आज नको, हॉर्नचा फार त्रास होतो आहे." त्याने हात खिशात घातला आणि दोघे पुन्हा गाड्यांच्या वेळांबद्दल बोलू लागले. पुढे एकदा तिनेच सांगितले, "आज धर, पण घट्ट धर, हलका स्पर्श मला टोचतो." हे सगळे त्याने मला काट्याची नोंद वाचून दाखवावी तसे सांगितले. इतकी स्वच्छ विचारणा आणि इतका स्वच्छ होकार मी भोवतालच्या संसारांत क्वचितच पाहिला आहे.

तरीही "यांना भावना कळत नाहीत" असे लोक सर्रास म्हणतात. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडले, की हा न समजण्याचा दोष एकतर्फी नसतो. इतरांनाही स्वमग्न माणसाचे मन तितकेच कळत नाही. मागे एका स्थळाकडून "विचार करून कळवतो" असा निरोप आला, तेव्हा तो नकार आहे हे घरात सर्वांना उमगले. भाऊ मात्र रोज संध्याकाळी फोन आला का म्हणून विचारत राहिला. त्याला स्पष्ट "नाही" सांगण्याचे सौजन्य कोणीच दाखवले नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि प्रजनन व कुटुंबनियोजनाची माहिती मिळण्याचा हक्कही त्यातच दिलेला आहे. आमच्याकडे ही माहिती स्वमग्न मुलामुलींना देतो कोण? आईवडिलांना संकोच वाटतो, आणि मग मोबाइलवर जे दिसेल तेच खरे मानले जाते. शरीराविषयी, नकाराविषयी, फसवणुकीविषयी त्यांच्याशी आडपडदा न ठेवता बोललेच पाहिजे.

मुलीच्या वडिलांची "आमच्यामागे यांचे कसे होईल?" ही काळजी मला रास्त वाटते, तिचे उत्तर पैसा, घर आणि मदतीची माणसे यांचा हिशेब मांडूनच द्यावे लागेल. दोघांना डीजे आणि पंगत नको, नोंदणी विवाह हवा आहे. विशेष विवाह कायद्याप्रमाणे त्यासाठी तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, आणि सगळे आधीपासून ठरलेले असते म्हणून भावाला ते फार आवडले आहे. दोन्ही घरे अजून मांडवावर अडून बसली आहेत.