टेबल सॉवर काटकोन आणि 45 अंशांचे काप साधताना : माझा अनुभव

चौकटीला चार कोपरे, म्हणजे आठ काप असतात, आणि प्रत्येक काप अर्ध्या अंशाने एकाच बाजूला चुकला तर शेवटच्या कोपऱ्यात चार अंशांची फट उघडते. टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल फिरत्या पात्याची करवत. या यंत्रासोबत मिळणाऱ्या मायटर गेजच्या (टेबलातल्या खाचेत सरकणाऱ्या, कोन लावून लाकूड धरायच्या साधनाच्या) अंशांच्या पट्टीवर मात्र अर्धा अंश नीट वाचतासुद्धा येत नाही. म्हणून तसबिरींसाठी सागवानी चौकटी करायला घेतल्या, तेव्हा मी अंश वाचण्याचा नाद सोडला आणि चूक मोठी करून दाखवणाऱ्या चाचण्यांवर भर दिला.

सर्वांत आधी पाते आणि टेबलातली मायटरची खाच समांतर आहेत का, हे पाहिले. यंत्राचा प्लग काढून पाते पूर्ण वर घेतले, पुढच्या एका दातावर खूण केली आणि खाचेत सरकणाऱ्या लाकडी पट्टीवरच्या स्क्रूचे डोके त्या दाताला जेमतेम टेकवले. मग पाते हाताने फिरवून तोच दात मागे आणला, पट्टीही मागे सरकवली आणि अंतर पुन्हा पाहिले. दोन्ही ठिकाणी एकच दात वापरल्यामुळे पात्याचा किंचित वाकडेपणा मोजमापात शिरत नाही. मागे जाड कागद जाईल एवढी फट निघाली. माझ्या यंत्रात पात्याचा सांगाडा टेबलाला खालून बोल्टने जोडलेला आहे. एक बोल्ट घट्ट ठेवून बाकीचे ढिले करायचे आणि लाकडी हातोडीने हलके ठोके द्यायचे, हे काम कंटाळवाणे असले तरी वरचेवर करावे लागत नाही.

त्यानंतर 12 मिमी प्लायवुडचा तळ आणि त्याखाली खाचांत सरकणाऱ्या दोन सागवानी पट्ट्या, असा स्लेड, म्हणजे लाकूड धरून पात्यावरून सरकवायचा पाट, तयार केला. लाकूड ज्या आडव्या फळीला टेकते, ती फळी कापाच्या रेषेशी काटकोनात असणे हेच स्लेडचे मर्म आहे. गुण्या लावून हे पाहता येते, पण गुण्याची पाती आखूड असते आणि खुद्द गुण्या किती खरा, हा प्रश्न उरतोच. त्यामुळे मी पाच कापांची पद्धत वापरली. प्लायवुडच्या चौकोनी तुकड्याची एक कड कापायची, कापलेली कड फळीला टेकवून पुढची कड कापायची आणि अशा चारही कडा झाल्या की पाचव्या कापात पहिल्याच कडेची अरुंद पट्टी काढायची. या पट्टीच्या दोन टोकांच्या रुंदीत चौपट झालेली चूक दिसते. माझी पट्टी 400 मिमी लांब होती आणि टोकांतला फरक 0.8 मिमी भरला. चाराने भागल्यावर खरी चूक 400 मिमीला 0.2 मिमी निघाली. फळीचे एक टोक स्क्रूवर कायम ठेवून, तिथून 400 मिमीवर 0.2 मिमीचा फीलर गेज (ठरावीक जाडीची पातळ धातूची पट्टी) धरला आणि तेवढीच फळी सरकवून पुन्हा आवळली. कोणत्या दिशेने सरकवायची, हे पट्टीचे रुंद टोक कोणते यावरून ठरते.

मायटरसाठी, म्हणजे कोपऱ्यातल्या 45 अंशांच्या तिरक्या कापांसाठी, स्लेडवर दोन फळ्या एकमेकींशी काटकोनात, पात्याच्या दोन्ही अंगांना बसवल्या. कोपऱ्याचा एक तुकडा डाव्या फळीवर आणि जोडीचा उजव्या फळीवर कापला, की एक काप 45.2 अंशांचा झाला तरी दुसरा 44.8 चा होतो आणि बेरीज 90 च राहते. माझ्या मते या युक्तीपुढे महागड्या कोनमापकाची गरज उरत नाही. तिरक्या कापात पाते लाकडाला फळीवरून सरकवू पाहते, म्हणून फळ्यांना 120 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला. समोरासमोरच्या बाजू सारख्या लांबीच्या नसतील तर अचूक कोनही उपयोगाचे नाहीत. त्यासाठी फळीवर अडथळ्याचा ठोकळा क्लॅम्पने आवळून दोन्ही तुकडे त्याच मापावर कापले. लांबी ठरवण्यासाठी टेबलाचे लांब फेन्स (पात्याला समांतर बसणारी, लाकूड टेकवायची सरळ पट्टी) मात्र कधीच वापरत नाही, कारण सुटलेला तुकडा फेन्स आणि पाते यांच्यात अडकला तर तो वेगाने अंगावर फेकला जातो.

24 दातांच्या पात्याने सागाची मागची कड तुटत होती; आडव्या कापासाठी 60 दातांचे पाते लावल्यावर ते थांबले. पावसाळ्यात स्लेडच्या पट्ट्या फुगून अडकतात. रंध्याचा एक हात आणि थोडे मेण दिले की त्या सरकतात, पण दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की खाचेत त्याच पट्ट्या सैल होतात, म्हणून तेव्हा पाच कापांची फेरी मी नव्याने घेतो.