हाच, की बहुधा हाच

पेट्रोल पंपाच्या कॅशियरने सात जणांच्या रांगेसमोरून एकच चक्कर मारली, चौथ्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "हाच साहेब. मरेपर्यंत विसरणार नाही याला." घड्याळाप्रमाणे दहा सेकंदही झाले नव्हते. ज्याच्या खांद्यावर हात होता तो गुन्ह्याच्या रात्री याच कारागृहात, याच भिंतींच्या आत होता. दुसऱ्याच प्रकरणातला कच्चा कैदी. डमी म्हणून, म्हणजे ओळख परेडच्या रांगेत आरोपीसोबत उभा करायचा मिळताजुळता माणूस म्हणून, त्याला सकाळी मीच निवडले होते.

ओळख परेड पोलीस घेतात असा बहुतेकांचा समज असतो. ती आम्ही घेतो, म्हणजे तहसीलदार किंवा नायब तहसीलदार, कार्यकारी दंडाधिकारी या नात्याने. त्यामागे जुने कारण आहे. १९५१ साली मुंबईत लॉइड्स बँकेच्या रकमेवर दरोडा पडला. त्या खटल्यातल्या ओळख परेड पोलिसांच्या देखरेखीखाली झाल्या होत्या. पोलिसांसमोर साक्षीदाराने "हा तो" असे दाखवणे म्हणजे तपासात पोलिसांना दिलेला जबाबच झाला आणि तो पुरावा म्हणून वापरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. तेव्हापासून पोलिसांनी साक्षीदार आणून सोडायचे आणि बाहेर जायचे.

हे प्रकरण साधे होते. लोक आणि वर्तमानपत्रे याला दरोडा म्हणतात. कायद्यात दरोड्याला पाच माणसे लागतात. हे दोघे होते, म्हणजे जबरी चोरी. हत्यार प्राणघातक असल्यामुळे भारतीय दंड संहितेचे कलम ३९७ लागले होते. त्यात किमान सात वर्षे शिक्षा होती आणि ती कमी करण्याची मुभा न्यायाधीशांना नव्हती. ज्याच्यावर बोट ठेवले जाणार त्याच्या आयुष्यातली किमान सात वर्षे त्या बोटावर अवलंबून होती.

रात्री पावणेअकराची वेळ. एकजण हेल्मेट घालून मोटारसायकलवरच बसून राहिला. दुसऱ्याने तोंडाला रुमाल बांधला होता. त्याने गावठी पिस्तूल कॅशियरच्या छातीसमोर धरून पैशांची पिशवी हिसकावली. झटापटीत रुमाल घसरला. कॅशियर तीन फुटांवर होता. पेट्रोल भरणारा मुलगा बारा-पंधरा फुटांवर, बाजूला, छताच्या दिव्यांखाली उभा होता.

परेडच्या आधी मी साक्षीदारांचे जबाब नेहमी वाचतो. वाचू नयेत असे काही सहकाऱ्यांचे मत आहे, पण वर्णन माहीत नसेल तर डमी कसे निवडणार? कॅशियरच्या जबाबात पिस्तुलाचे वर्णन पाच ओळींचे होते: मुठीला काळी चिकटपट्टी, तिचे टोक सुटलेले, नळीवर गंज. पुढे जप्त झालेल्या पिस्तुलाशी ते तंतोतंत जुळले. चेहऱ्याबद्दल मात्र एकच ओळ होती, "अंगाने सडपातळ, मध्यम बांधा, वय अंदाजे २५ ते ३०." मुलाच्या जबाबातही शब्दशः तीच ओळ. दोन माणसांनी एकच वाक्य उच्चारले असणे शक्य नाही. ठाण्यातल्या लेखनिकाने एकाचे दुसऱ्यात उतरवले होते. नाक, कान, कपाळ, केसांची ठेवण, चालण्याची ढब यांबद्दल कोणी विचारलेच नव्हते. घटनेनंतरच्या पहिल्या काही तासांत आठवण ताजी असते. तेव्हा जे लिहून घेतले नाही ते पुढे कोणत्याही परेडमध्ये परत मिळत नाही. हा आळस मला आजही चीड आणतो.

हत्याराकडे नजर खिळणे हे काही त्या कॅशियरचे वैगुण्य नव्हते. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये हे मोजून दाखवले आहे. एकाच प्रसंगाची दोन चित्रमालिका होत्या. एकीत ग्राहक कॅशियरसमोर पिस्तूल धरतो, दुसरीत धनादेश. पाहणाऱ्यांची नजर पिस्तुलावर जास्त वेळा गेली, जास्त वेळ टिकली आणि पिस्तूल पाहणाऱ्यांना तो माणूस नंतर कमी ओळखता आला. तीन फुटांवरच्या साक्षीदारापेक्षा बारा फुटांवरचा अधिक भरवशाचा ठरू शकतो, तो असा.

आरोपी पकडला गेल्यापासून परेड होईपर्यंत तेवीस दिवस गेले. ठाण्याचे पत्र तहसीलला, तिथून कारागृहाला, कारागृहाचे उत्तर पुन्हा तहसीलला. या तेवीस दिवसांत आरोपीचे तोंड झाकलेले असले पाहिजे. कोठडीत, वैद्यकीय तपासणीला नेताना, रिमांडला कोर्टात उभे करताना, प्रत्येक वेळी. आणि प्रत्येक वेळेची स्टेशन डायरीत नोंद हवी. एक नोंद राहिली की बचाव पक्षाला तेवढी फट पुरते. जप्त मुद्देमालासोबत आरोपीला उभे करून फोटो काढण्याची हौस तर परेडच्या मुळावरच येते. तो फोटो संध्याकाळपर्यंत साक्षीदाराच्या मोबाइलवर पोहोचलेला असतो.

मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये परेडचे नियम आहेत. एका आरोपीमागे किमान सहा डमी, दोघांना एकत्र उभे केले तर दहा ते बारा, आणि एका परेडमध्ये दोनपेक्षा जास्त आरोपी नाहीत. वय, उंची, ठेवण, राहणीमान मिळतेजुळते हवे. या दोघांपैकी चेहरा एकाचाच दिसला होता, म्हणून परेड त्या एकाचीच. जेलरनी कच्चे कैदी रांगेत उभे केले आणि त्यांतून सहा निवडायला मला पाऊण तास लागला. मॅन्युअल वाचताना हे काम दहा मिनिटांचे वाटते. पण कोणाची दाढी वाढलेली, कोणी डोक्याने अर्धा फूट वर, कोणाचे पोट सुटलेले. आरोपीच्या डाव्या भुवईवर ताजी जखम होती आणि तिचा उल्लेख कुठल्याच जबाबात नव्हता. ती उघडी ठेवली असती तर साक्षीदाराचा हात आपोआप तिथेच गेला असता. म्हणून सातही जणांच्या डाव्या भुवईवर एकाच मापाची चिकटपट्टी लावली आणि तसे मेमोरँडममध्ये, म्हणजे परेडच्या लेखी नोंदीत, लिहिले. डमींची नावे, वये, उंची लिहिली. आरोपीला आपली जागा स्वतः निवडायला सांगितले, कपडे बदलायचे का विचारले. त्याने तिसरी जागा घेतली. पंच मी गावातून माझ्या ओळखीने आणले होते. ठाण्याने आणलेले पंच मी घेत नाही, कारण तेच ते चेहरे प्रत्येक गुन्ह्यात असतात आणि उलटतपासणीत ते उघड होते. एका पंचाला साक्षीदारांच्या खोलीत बसवून तिथून खिडकीतून परेडची जागा दिसते का ते पाहिले. दिसत होती. खिडकीला चादर लावली.

छापील नमुन्यात साक्षीदाराला विचारायचे वाक्य आहे: "यापैकी आरोपीस ओळखा." मी ते वापरत नाही. मी म्हणतो, "त्या रात्री पाहिलेला माणूस या रांगेत असेलही, नसेलही. नसेल तर नाही म्हणा." असे विचारले नाही तर साक्षीदार परीक्षेला बसल्यासारखा त्यातल्या त्यात जवळचा चेहरा निवडतो. आणखी एक गोष्ट. आरोपी कुठे उभा आहे हे मला आणि पंचांना माहीत असते. आपल्या पद्धतीतला हा मोठा दोष आहे आणि नियमात त्यावर उपाय नाही. म्हणून आम्ही साक्षीदाराच्या पाठीमागे, भिंतीला टेकून उभे राहतो. आमचे डोळे त्याला दिसता कामा नयेत.

कॅशियरने दहा सेकंदांत डमी दाखवला. आरोपी शेजारीच, तिसऱ्या जागी होता. कॅशियरची सही घेऊन त्याला दुसऱ्या दाराने वेगळ्या खोलीत पाठवले, म्हणजे त्याची मुलाशी गाठ पडणार नाही. आरोपीला जागा बदलायची का विचारले. तो सहाव्या जागी गेला, शर्टही बदलला.

मग मुलगा आला. दोन फेऱ्या मारल्या. सहाव्यासमोर थांबला, पुढे गेला, परत आला. सव्वा मिनिट गेले. म्हणाला, "बहुधा हा. कपाळ आणि कान तसे वाटतात." मी ते शब्द अवतरणचिन्हांत लिहिले, वेळ लिहिली. आरोपीला काही सांगायचे आहे का विचारले. तो म्हणाला, "मला ठाण्यात बाकड्यावर बसवलं होतं, तेव्हा हा मुलगा तिथं आला होता." तेही लिहिले. खरे-खोटे ठरवणे माझे काम नाही.

कान म्हटल्यावर मी रांगेकडे पुन्हा पाहिले. आरोपीचे कान ठळकपणे बाहेर आलेले होते. सहा डमींपैकी तसे कान एकाचेच, तेही थोडेसे. मी उंची, वर्ण, वय, दाढी जुळवली, भुवई झाकली आणि कान जुळवले नाहीत, कारण जबाबात कान नव्हते. मुलाने आठवणीतला कान ओळखला, की रांगेतला वेगळा कान उचलला? या प्रश्नाचे उत्तर माझ्या मेमोरँडममध्ये नाही आणि ते आता कुठूनही मिळणार नाही.

बाहेर तपासी अधिकारी उभे होते. कॅशियरने डमी दाखवल्याचे लिहू नका, "कोणास ओळखले नाही" एवढेच लिहा, अशी त्यांची विनंती होती. मी तसे केले नाही. चुकीचा माणूस दाखवणे आणि कोणालाच न दाखवणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि न्यायालयाला तो कळायला हवा.

खटला चौदा महिन्यांनी उभा राहिला. परेड हा स्वतंत्र पुरावा नसतो. तेव्हा पुरावा कायद्याचे कलम ९ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ७ आहे, पण तत्त्व तेच. साक्षीदाराने न्यायालयात शपथेवर ओळखले तरच ती खरी साक्ष, परेड फक्त तिला आधार देते. मुलाने आरोपीच्या पिंजऱ्याकडे बोट केले. पिंजऱ्यात दोघेच होते आणि त्यातल्या एकाचा चेहरा त्या रात्री हेल्मेटमध्ये होता. "हाच. परेडमध्येसुद्धा पाहताक्षणी ओळखला होता." आवाजात कसलीही शंका नव्हती.

तो खोटे बोलत नव्हता, याची मला खात्री आहे. उलटतपासणीत त्याने सांगितले की परेडनंतर ठाण्यात त्याला कोणीतरी म्हणाले, "बरोबर माणूस दाखवलास." त्या एका वाक्याने "बहुधा" पुसले गेले आणि चौदा महिन्यांत त्याच्या मनात सव्वा मिनिटाचा क्षण झाला. म्हणूनच पहिल्या क्षणीचे शब्द आणि वेळ लिहून ठेवावे लागतात. छापील नमुन्यात त्यासाठी जागा नाही. तिथे "साक्षीदाराने आरोपी क्र. __ यास ओळखले" एवढेच आहे, आणि माझे बहुतेक सहकारी तिथे आकडा भरून सही करतात.

मग माझी साक्ष झाली. बचावाच्या वकिलांनी मुलाचे "बहुधा हा" हे वाक्य तीनदा वाचायला लावले. सरकारी वकील माझ्याकडे नाराजीने पाहत होते, मी त्यांच्याच बाजूचा साक्षीदार असूनही. जप्तीचा एक पंच फितूर झाला होता. दुसऱ्या रिमांडच्या दिवशी तोंड झाकल्याची डायरीत नोंद नव्हती. दोघेही संशयाचा फायदा मिळून सुटले.

तो माणूस निर्दोष होता असे मला वाटत नाही. दोषी होता असेही म्हणता येत नाही. त्यानंतर डमी निवडताना मी जबाबात नसलेली वैशिष्ट्येही पाहतो, कानांपासून टाचांपर्यंत, आणि तासभर जास्त लागला तरी जेलरना थांबवतो.

कॅशियरला सरकार पक्षाने साक्षीला बोलावलेच नाही. परेडच्या दिवशी सही करताना त्याने विचारले होते, "बरोबर दाखवला ना साहेब मी?" साक्षीदाराला ते सांगायचे नसते, म्हणून मी कागद पुढे सरकवला आणि तारीख घाला म्हटले.