आबा माझ्यावर रागावलेत का?

शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात मी विवाह समुपदेशक आहे. नवरा-बायकोची भांडणं रोजचीच. या प्रकरणात मात्र नवरा हयातच नव्हता, करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला होता. अर्ज त्याच्या आईवडिलांचा होता, सुनेविरुद्ध. मागणी एवढीच की नातीला भेटू द्या. (कोणाची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

सून मुलीला घेऊन सिंहगड रोडवरच्या घरातून चिंचवडला माहेरी गेली होती. भेटी आधी कमी झाल्या, मग फोनही उचलला जाईना.

असे अर्ज माझ्याकडे येतात तेव्हा वरवर तक्रार मुलांच्या भेटीची असते आणि खाली बहुधा जागेची. इथेही तेच होतं. मुलगा मृत्युपत्र न करता गेला, फ्लॅट त्याच्या नावावर. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानुसार अशा वेळी विधवा, मुलगी आणि आई या तिघींना सारखा वाटा मिळतो. सुनेला सासूकडून हक्कसोडपत्र हवं होतं, कारण कर्जाचे हप्ते तीच भरत होती. सासरे म्हणाले होते, "आधी नात दाखवा, मग सही." त्यावर सून म्हणाली, "आधी सही, मग नात." दोन्ही घरं सुशिक्षित, दुःखात बुडालेली, आणि मधे सात वर्षांची पोर. मला राग आला, तो दोघांचाही आला.

सुनेनं माझ्यासमोर स्पष्टच सांगितलं, "मॅडम, मुलगी माझी आहे. कोणाला भेटवायचं ते मी ठरवणार." हे उडवून लावण्यासारखं नव्हतं. बाप गेल्यावर आईच मुलीची नैसर्गिक पालक. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे 2000 साली ट्रॉक्सेल विरुद्ध ग्रॅनव्हिल हा खटला होता, त्यातही मुलींचा बाप वारलेला आणि अर्ज त्याच्या आईवडिलांचा. न्यायालयानं आईच्या बाजूनं निकाल दिला. सक्षम पालकाच्या निर्णयाला वजन द्यायलाच हवं, असं त्यात म्हटलं आहे. फ्रान्सच्या दिवाणी संहितेत मात्र आजी-आजोबांशी नातं ठेवण्याचा हक्क थेट मुलाच्या नावावर लिहिलेला आहे. आपल्याकडे आजी-आजोबांसाठी वेगळं कलम नाही. विधी आयोगानं 2015 च्या 257 व्या अहवालात या भेटींचा विचार केला होता. आज आम्ही 1890 च्या पालक व पाल्य कायद्यावर चालतो, आणि त्यात कसोटी एकच, मुलाचं हित. मला स्वतःला फ्रान्सची मांडणी पटते. हक्क मोठ्यांचा म्हटला की ओढाताण सुरू होते. मुलाचा म्हटला की निदान मुलाला विचारावं लागतं.

म्हणून मुलीला एकटीला बोलावलं. मुलांच्या खोलीत चटईवर बसून ती रंगवत होती. मी आजी-आजोबांचा विषय काढलाच नाही. घरी कोण कोण असतं, एवढंच विचारलं. आई, मामा, मामी, दुसरी आजी, अशी बोटं मोजून झाली आणि मग खडू न थांबवता तिनं विचारलं, "आबा माझ्यावर रागावलेत का?"

"का गं?"

"बाबा गेले तेव्हा त्यांचा फोन आला होता. मी बोलले नव्हते. तेव्हापासून ते येतच नाहीत."

इतके दिवस ती हे मनात घेऊन बसली होती. मोठ्यांनी काहीच सांगितलं नाही की मुलं कारण स्वतःमध्ये शोधतात. हे मी नेहमी पाहते, तरी त्या दिवशी मला पुढचा प्रश्न सुचेना.

"आईला हे सांगू का?" असं तिला विचारून, तिच्या परवानगीनं, मी तेच शब्द आईपुढे ठेवले. ती खूप वेळ रडली. मग म्हणाली, "आज ते बाहेर आलेत ना? भेटू दे."

आजीला मी आधीच बजावलं होतं की पोरीला कवटाळून रडायचं नाही, आईबद्दल काही विचारायचं नाही. गुडघे दुखत असतानाही ती माउली चटईवर बसली आणि पिशवीतून सागरगोटे काढले. आबा दाराशीच उभे. मुलीनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं, मग आजीच्या हाताकडे. आजीनं एक सागरगोटा वर उडवला, खालचे दोन उचलले आणि वरचा झेलला. मुलीच्या हातून तीनदा सुटला.

"बाबांना यायचं का हे?"

"त्याला कुठलं! तो सगळे खिशात घालून पळायचा. मग तुझे आबा त्याच्यामागे."

ती खुदकन हसली. आबांना म्हणाली, "तुम्ही पकडायचात?" तेव्हा कुठे आबा खाली बसले आणि म्हणाले, "आणि हे बघ, मी तुझ्यावर कधीच रागावलो नव्हतो." ते त्यांना मी सांगायला सांगितलं होतं, पण ज्या आवाजात त्यांनी सांगितलं तो सर्वस्वी त्यांचाच होता. पुढचा अर्धा तास सगळे प्रश्न बाबांबद्दलच होते. त्या माणसाचं लहानपण जगात फक्त या दोघांना ठाऊक आहे. मुलीला ते दुसरं कोण देणार?

फ्लॅटचा प्रश्न वकिलांकडे वेगळा काढला. भेटीचा आणि सहीचा संबंध जोडायचा नाही, हे दोघांकडून लिहून घेतलं. दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी पेशवे पार्कात भेट, सोडायला मामा येणार, बुधवारी संध्याकाळी फोन. कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांच्या संमतीच्या या अटी, टाईप होत असताना आबांनी चाचरत विचारलं, गणपतीला नात घरी आली तर?

सून क्षणभर गप्प राहिली. मग सासऱ्यांकडे न बघता मला म्हणाली, "त्यांचा दीड दिवसाचा असतो. एक रात्र लिहा, मॅडम. आरतीला मीही येईन."