लष्करी गाड्यांचा पाण्यातला रंग अमेरिकेत कसा तपासतात

भुसावळ-वरणगावच्या आयुध निर्माणींमुळे लष्करी मालाचा रंग हा आपल्या खान्देशात अनेकांच्या रोजच्या कामातला विषय. इथे अमेरिकेत सैन्याच्या वाहनांना थिनरऐवजी पाणी घालायचा पॉलियुरेथेन टॉपकोट, म्हणजे सगळ्यात वरचा थर, चांगलाच रुळलाय. मिल-डीटीएल-64159 हे त्याचं स्पेसिफिकेशन, आणि ते सांभाळते मेरीलँडमधल्या अ‍ॅबरडीनची लष्करी प्रयोगशाळा. हवेत उडणारं द्रावक लिटरमागे 220 ग्रॅमच्या वर चालत नाही.

खरी गंमत मिसळण्यात आहे. 'ए' भाग रंगाचा, 'बी' भाग आयसोसायनेट हार्डनरचा, म्हणजे थर कडक करणाऱ्या रसायनाचा. माप 2 ला 1. आधी 'ए' तळापासून ढवळायचा, त्यात 'बी' घालून मशीनने एकजीव करायचा, मगच पाणी, तेही थोडं थोडं. घाईने पाणी आधी ओतलं तर हार्डनरची अभिक्रिया रंगाऐवजी पाण्याशीच होते, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि थरात बारीक भोकं पडतात. पाणी डीआयोनाइज्डच, म्हणजे क्षार काढलेलं. आपल्या बोअरच्या पाण्यातले क्षार थरात राहतात, पुढे ओल ओढतात आणि फोड येतात. आणि पाण्याचा रंग म्हणून मास्क काढून फवारायचं नाही. श्वासाला घातक आयसोसायनेट यातही आहेच.

चाचणीचे पत्रे झिंक फॉस्फेटची प्रक्रिया केलेले असतात. प्रायमर, म्हणजे खालचा थर, 25 ते 38 मायक्रॉन, वर टॉपकोट किमान 45. मग सात दिवस मुरू द्यायचे.

चिकटपणाची चाचणी बघायला सोपी, पण चुका तिथेच जास्त. ब्लेडने 2 मिलिमीटरवर सहा उभ्या, सहा आडव्या रेषा, थेट धातूपर्यंत. भुकटी ब्रशने झाडा, टेप दाबून बसवा आणि साधारण दीड मिनिटात जवळजवळ उलटी दुमडून एका दमात ओढा. सरळ वर उपटली तर निकाल बदलतो. एकही चौकोन निघाला नाही तर 5बी, ही सगळ्यात वरची श्रेणी. 65 टक्क्यांहून जास्त रंग गेला तर 0बी, सगळ्यात खालची. ब्लेड बोथट असेल तर कडा आपोआप तुटतात आणि दोष बिचाऱ्या रंगाच्या माथी.

मिठाच्या धुक्याची पेटी 35 अंशांवर, पाण्यात 5 टक्के मीठ, पत्रे 15 ते 30 अंश कलते. मधोमध धातूपर्यंत चरा असतो. नंतर चऱ्याच्या दोन्ही बाजूंचा सुटलेला रंग खरवडून गंज किती मिलिमीटर आत शिरला ते मोजतात. नुसतं वरून 'छान दिसतंय' म्हणणारा इथे टिकत नाही.

याला चमक नकोच. छद्मावरणाचा रंग चमकला की शत्रूला दिसला. हिरव्याचं इन्फ्रारेडमधलं परावर्तनही पानासारखं लागतं, म्हणून हाताशी आहे तो हिरवा टाकून चालत नाही. रासायनिक अस्त्रांपुढे हा रंग टिकतो का, ही चाचणी मात्र खास परवान्याच्या प्रयोगशाळेतच.

आपल्याकडे करायचं तर हवामान आधी बघा. मे महिन्यात जळगावच्या उन्हात थेंब पत्र्यावर पोचायच्या आत अर्धे सुकतात. मॅट रंगात ते डोळ्याला कळत नाही. अंगठा फिरवा, भुकटी लागली तर थर नीट जुळलेला नाही. पावसाळ्यात उलट: पाणी उडत नाही, रंग ओघळतो आणि पाण्याच्या प्रायमरखाली उघड्या लोखंडावर लगेच तांबूस डाग उमटतात. धातू दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं दव धरतं त्याहून, किमान 3 अंश गरम हवा. चाचणीचे पत्रेही एसी खोलीत नाही, ज्या शेडमध्ये माल रंगणार तिथेच, त्याच गनने फवारा.