खाल्ली असेल

गडचिरोलीच्या जंगलातल्या हेमलकशाहून परतून बरेच दिवस झाले, सामान लागले, कपडे धुऊन झाले, फोटोही सर्वांना पाठवून झाले; पण त्या मुलाने दिलेले उत्तर काही केल्या मनातून जात नाही. तिथल्या प्राण्यांच्या अनाथालयात अस्वलासमोर उभे असताना माझ्या लेकीने, ओवीने त्याला विचारले, "दादा, ह्याची आई कुठे असते?" आश्रमशाळेतला तो मुलगा, नववी-दहावीतला असावा, हातातली बादली खाली न ठेवता म्हणाला, "खाल्ली असेल." आवाजात ना खंत होती, ना आम्हाला दचकवण्याचा हेतू. ओवीने ते ऐकून घेतले आणि लगेच पुढचा प्रश्न विचारला. अडखळले ती मी.

वास्तविक अडखळण्यासारखे त्यात नवे काही नव्हते. बाबा आमट्यांनी १९७३ च्या डिसेंबरात हेमलकशाला आदिवासींसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, त्यांचे डॉक्टर चिरंजीव प्रकाशभाऊ आणि सून मंदाताई त्या जंगलात राहू लागले, आणि एकदा वाटेत त्यांना शिकारीहून परतणारे माडिया आदिवासी भेटले, हे आपल्याकडे शाळेतली मुलेही सांगतील. मारलेल्या माकडिणीच्या छातीला चिकटलेले पिल्लू अजून दूध ओढू पाहत होते. तांदूळ देऊन त्यांनी ते पिल्लू मागून घेतले. मीही ही गोष्ट कितीदा सांगितली असेल, पण सांगताना माझे सारे लक्ष वाचलेल्या पिल्लावर असे. ती माकडीण पुढे शिजली आणि कोणाच्या तरी भुकेल्या मुलांच्या पोटात गेली, इथपर्यंत मी कधी आलेच नव्हते.

आता वाटते, त्या गोष्टीतला खरा मोठेपणा तिथेच आहे. शिकार करू नका, असे प्रकाशभाऊंनी कोणाला सांगितले नाही. जंगल देईल त्यावर जगणाऱ्या, हाती धड शेती नसलेल्या माणसाला ते सांगायचे तरी कोणत्या तोंडाने? मागे उरलेले पिल्लू आमच्याकडे आणा, बदल्यात धान्य देऊ, एवढेच त्यांनी म्हटले. मग बिबटे आले, अस्वले आली, हरणे, तरस, साप आले आणि आमट्यांच्या अंगणात त्यांच्या मुलांबरोबर वाढले. एका घराने लावलेल्या जिव्हाळ्यातून पुढे प्राण्यांचे अनाथालय झाले. नियमांप्रमाणे पिंजरेही आले. १९७६ मध्ये शाळा सुरू झाली, आणि ज्या गावांत पारध होत असे त्याच गावांतली मुले ह्या प्राण्यांच्या शेजारी राहून शिकू लागली. भुकेवर धान्य, आजारावर दवाखाना आणि डोळ्यांसमोर रोज जिवंत असलेला प्राणी, ह्या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या नसत्या, तर नुसत्या उपदेशाने त्या मुलाच्या हातात बादली आली असती, असे मला वाटत नाही.

हे सगळे कळूनही परतीच्या प्रवासात मला स्वतःची फार कीव आली. आम्ही ओवीला काय दिले? चित्रांची पुस्तके, भिंतीवर चिकटवायचा वाघ, आणि कुत्रे पाळता येणार नाही असे लिहिलेली सोसायटीची नोटीस. माझ्या लहानपणी गोठा होता, व्यायलेल्या म्हशीजवळ आजी रात्रभर बसलेली मी पाहिली आहे. तो गोठा आता नाही, आणि त्याविषयी आबांशी बोलणेही नको वाटते. प्राण्यांवर प्रेम करावे, असे मी ओवीला अनेकदा सांगितले असेन, पण ते करायचे कशावर, हे मला दाखवता आले नव्हते.

पण पुन्हा तो मुलगा आठवतो. ते अस्वल पंजा तोंडात धरून चोखत होते आणि चोखताना माशा घोंगावाव्यात तसा सलग आवाज काढत होते. मुलगा थोडा वेळ ऐकत थांबला. ह्याला किती लागते, कधी द्यायचे, कोणाचा आवाज ओळखते, हे त्याने ओवीला नीट समजावून सांगितले. आई खाल्ली असेल आणि लेकराला आपण भरवतो, ह्या दोन्ही गोष्टी त्याच्या ठायी शेजारी-शेजारी होत्या, त्यांचे भांडण नव्हते. त्याच्या आजोबांनी कधी पारध केली असेल का, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला आणि तिथेच राहिला. रविवारी आमच्याकडेही मटण असते. बोकड कोणी कापला, ते आम्ही पाहत नाही, इतकाच काय तो फरक.

त्या अस्वलाला जंगलात कधी सोडणार, असे काल ओवीने मला विचारले. मी खरे ते सांगितले: माणसाच्या हातावर वाढलेल्या पिल्लाची माणसाविषयीची भीती जाते, वारुळे कशी फोडायची हे त्याला आईने दाखवलेले नसते, म्हणून बहुधा नाहीच. तिने मान हलवली आणि ती गृहपाठाला बसली. मी उगाचच इतके दिवस तिच्यासाठी घाबरत होते. ह्याची आई कुठे असते, हा प्रश्न तिने एखाद्या रविवारी ताटावर विचारला, तर मीही त्या मुलासारखे सरळ उत्तर द्यायचे, एवढे मात्र ठरवले आहे.